डब्यांची सायकल : प्रकल्प नोंदी, इंदूर, जून ते सप्टेंबर २०२४

३ जून

सुदामा नगरातील काकूंच्या पोळी-भाजी केंद्रातून भंवरकुआं भागात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना रोज दुपारी ३२ डबे जातात. डबे पोहोचवणारे भाऊ पन्नाशीच्या पुढचे असून त्यांना स्कूटर चालवता येत नाही आणि शिकण्याची इच्छाही नाही. त्यांची स्वतःची काळी, दांड्याची सायकल आहे आणि ते ती गेली कित्येक वर्षे चालवत आहेत. आजवर ते डबे कापडी पिशव्यांत भरून हँडलला व कॅरियरला टांगत आणि दोन खेपा करत. गेल्या महिन्यात एक पिशवी हेलकावत पुढच्या चाकात गेली. भाऊ वेळीच उतरले म्हणून निभावले. "तुम्ही वर्कशॉपमध्ये मुलांना एवढी वर्षे शिकवलंत, यांच्या सायकलीचं काहीतरी करा," असे काकू मला म्हणाल्या आणि त्या दिवसापासून हे काम माझ्याकडे आले.

आज केंद्रातल्या वजनकाट्यावर दहा भरलेले डबे एकेक करून तोलले. तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा भाजी, वरण, भात आणि पोळ्यांसह सरासरी १.४ किलो भरतो. म्हणजे ३२ डब्यांचे वजन ४५ किलोच्या आसपास होते. डब्याचा व्यास १४ सेंटिमीटर आणि कडीसकट उंची २१ सेंटिमीटर आहे. जाण्याचे अंतर सुमारे पाच किलोमीटर असून वाटेत रेल्वेमार्ग ओलांडणारा एक पूल आहे. सगळे डबे एकाच खेपेत, वरण न सांडता आणि भाऊंची दमछाक न होता पोहोचले पाहिजेत, एवढेच उद्दिष्ट लिहून ठेवतो.

५ जून

पहाटे अन्नपूर्णा रस्त्यावर उभा राहून दूधवाल्यांच्या सायकली पाहिल्या. मोटरसायकली आल्या तरी काही जण अजून सायकलवरच दूध घालतात. कॅरियरवर आडवी लोखंडी पट्टी आणि तिच्या दोन्ही टोकांच्या आकड्यांना एकेक कोठी, एवढीच ती रचना. २० लिटरच्या दोन कोठ्यांत ४० लिटर दूध मावते आणि दूध पाण्यापेक्षा किंचित जड असल्याने हे वजन ४१ किलो होते, म्हणजे आमच्या डब्यांच्या जवळपास तेवढेच. तरीही त्यांची सायकल डुलत नाही. कोठीचा तळ जमिनीपासून वीतभर वर असतो आणि तिचा मध्य चाकाच्या एक्सलच्या, म्हणजे आसाच्या, थोडाच वर येतो, हे त्याचे कारण. तेच दूध कॅरियरवर रचले असते, तर त्याचा मध्य जमिनीपासून मीटरभर उंच गेला असता आणि सायकल जराशी कलताच तिला सावरण्यासाठी दुप्पट जोर लागला असता.

एका दूधवाल्याशी बोललो. आपण दूध घालताना एकदा डाव्या आणि एकदा उजव्या कोठीतून काढतो, असे त्याने सांगितले. मी ते वहीत टिपून घेतले, पण त्याचा अर्थ मला १९ दिवसांनी कळला.

८ जून

इतरत्र सायकलवरून माल कसा नेतात, याचा आपल्या कामापुरता विचार करून ठेवला.

डेन्मार्कमध्ये १९२०च्या दशकापासून वापरात असलेल्या 'लाँग जॉन' सायकलीत चालक आणि पुढचे चाक यांच्यामध्ये एक लांब, ठेंगणी फळी असते. माल अगदी खाली राहतो आणि सतत डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे तत्त्व म्हणून मला हीच रचना सर्वांत पटते. मात्र तिच्यासाठी फ्रेम मुळापासून नवी करावी लागते, हँडलपासून पुढच्या चाकापर्यंत दांडा न्यावा लागतो आणि सायकल अडीच मीटरच्या आसपास लांब होते. भाऊ जिथे डबे देतात त्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना मोटरसायकली उभ्या असतात. तिथे एवढी सायकल वळवायची म्हणजे दर वेळी उतरून मागे ढकलावे लागेल. मागची चौकट लांबवलेल्या सायकलीलाही हीच अडचण काही प्रमाणात लागू होते. तीनचाकी ठेला स्थिर उभा राहतो, पण त्याच्याच वजनाने माणूस निम्मा थकतो.

मुंबईचे डबेवाले १८९०पासून हेच काम करत आले आहेत, म्हणून त्यांची पद्धत बारकाईने पाहणे आवश्यक होते. तिथे लांबचा पल्ला लोकल गाडी पार करते आणि सायकल फक्त दोन्ही टोकांना लागते. त्यामुळे डबे सायकलीला दाटीवाटीने टांगलेले असले तरी चालून जाते. आमच्याकडे मधला पल्लाही सायकलनेच कापायचा असल्याने ते टांगणे उचलता येणार नाही. त्यांची झाकणावरच्या खुणांची पद्धत मात्र आपल्याला घेता येईल.

ब्रिटनमधील पाववाल्यांच्या आणि खाटकांच्या जुन्या सायकलींत पुढचे चाक मुद्दाम लहान ठेवून त्याच्यावर टोपली बसवलेली असे. ती टोपली हँडलला नव्हे, तर फ्रेमला जोडलेली असे. हँडल वळले तरी टोपली सरळच राही आणि तिचे वजन हातांवर येत नसे. या रचनेतील टोपलीची जोडणी मी घेणार आहे.

निर्णय असा की भाऊंची सायकल तीच राहील, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना डब्यांच्या ठेंगण्या मांडण्या येतील आणि पुढे फ्रेमला जोडलेली एक छोटी टोपली बसेल.

१२ जून

आजचा दिवस मापे जुळवण्यात गेला, आणि ही मापे सविस्तर लिहिण्याजोगी आहेत.

पहिल्या आराखड्यात प्रत्येक बाजूला डब्यांच्या दोन रांगा धरल्या होत्या. त्यामुळे एका मांडणीची रुंदी ३० सेंटिमीटर आणि दोन्ही मिळून, मधल्या चाकासकट, ७६ सेंटिमीटर झाली असती. भाऊंच्या सायकलीचे हँडल ५८ सेंटिमीटर रुंद आहे. सायकल चालवणारा माणूस दोन गाड्यांमधली फट नेहमी हँडलच्या अंदाजाने पार करतो. जिथून हँडल निघाले तिथून बाकीचे निघणारच, हे त्याच्या अंगात मुरलेले असते. मागचा भाग हँडलपेक्षा रुंद केला, तर हा वर्षानुवर्षांचा अंदाज पहिल्याच दिवशी त्याला दगा देईल. म्हणून एकच रांग ठेवली. लांबीत चार डबे आणि उंचीत तीन मजले, असे एका बाजूला बारा डबे होतात. आता मागची एकूण रुंदी ४६ सेंटिमीटर आहे. दोन्ही बाजूंचे मिळून २४ डबे झाले, उरलेले आठ पुढच्या टोपलीत जातील. वजनाचा हिशेब असा : प्रत्येक बाजूला १६.८ किलो आणि पुढे ११.२ किलो.

दुसरी अडचण टाचेची होती. भाऊंना सायकलीच्या सीटवर बसवून पायडल मागे फिरवायला सांगितले आणि चप्पल घातलेली त्यांची टाच कुठवर मागे येते ते खडूने खुणावले. मांडणी तिथून दोन बोटे मागे सुरू झाली पाहिजे. पण जितकी ती मागे सरकते, तितके वजन एक्सलच्या मागे जाऊन पुढचे चाक हलके होते आणि हलके झालेले चाक रस्त्याला धरून राहत नाही. शेवटी मांडणीचा मध्य एक्सलच्या पाच सेंटिमीटर मागे आला. पुढच्या टोपलीतले आठ डबे याची भरपाई करतील, असा अंदाज आहे.

मांडणीसाठी २० मिलिमीटरचा चौकोनी पाइप घेतला, त्याची जाडी १.६ मिलिमीटर आहे. एका मीटरचे वजन ९२० ग्रॅम भरते आणि एकूण सात मीटर लागला. प्रत्येक मजल्याला स्वतंत्र पत्रा आहे, त्यामुळे वरच्या डब्यांचा भार खालच्या झाकणांवर येत नाही आणि कोणताही डबा बाजूने ओढून काढता येतो.

१९ जून

वेल्डिंग पूर्ण झाले. डब्यांत पाणी भरून केंद्रापासून फूटी कोठी चौकापर्यंत दोन वेळा जाऊन आलो, एकदा मी आणि एकदा भाऊ. हळू चालवताना सायकल अगदी शांत होती. थोडा वेग घेतला की मात्र मागचा भाग स्वतंत्रपणे हलतो आहे असे वाटे आणि तो थरकाप हँडलपर्यंत येई. वेल्डिंग करणाऱ्या मिस्त्रींनी सायकल उभी करून मांडणी आडवी हलवून पाहिली आणि लगेच दोष दाखवला : "भिया, नीचे तो बांधा ही नहीं." मांडणी वर कॅरियरला पक्की होती, पण खाली एक्सलजवळ नुसती टेकलेली होती. खालून एक तिरकी पट्टी एक्सलच्या नटाखाली घेतली आणि दोन्ही मांडण्या मडगार्डच्या मागून एका आडव्या पाइपने एकमेकींना जोडल्या. थरकाप पूर्ण गेला. वजनापेक्षा वजनाची ढिलाई अधिक त्रास देते, हे मी मुलांना यंत्रांच्या बाबतीत शिकवत असे. सायकलीला ते लावून पाहायला मात्र मिस्त्रींचा हात लागला.

टोपली वळत नाही आणि हँडल वळते, हे भाऊंना सुरुवातीला चमत्कारिक वाटले. दुसऱ्या फेरीत ते सरावले.

२४ जून

आज पहिल्यांदा खरे डबे गेले आणि सायकल पडली.

रस्त्यात काहीही झाले नाही. पुलाच्या चढावर भाऊ उतरून चालले आणि ठरल्या वेळेच्या आधी पहिल्या वसतिगृहाशी पोहोचले. तिथे बारा डबे द्यायचे होते. भाऊंनी सायकल मागच्या स्टँडवर लावली आणि हाताशी असलेली डावी मांडणी संपूर्ण रिकामी केली. रात्री पाऊस झाला होता आणि स्टँडचा उजवा पाय फरशीच्या ब्लॉकच्या कडेला ओल्या मातीत टेकला होता. डाव्या बाजूचे १७ किलो निघाल्याबरोबर उजव्या बाजूचे तेवढेच वजन त्या एका पायावर आले आणि तो मातीत रुतला. त्याच वेळी पुढचे चाक आपोआप उजवीकडे वळले व सायकल आडवी झाली. नऊ डब्यांच्या कड्या निघाल्या.

मी मागून रिक्षाने येत होतो. पोहोचलो तेव्हा भाऊ गुडघ्यावर बसून पोळ्या वेगळ्या काढत होते आणि त्यांचे हात थरथरत होते. काकूंना फोन केला. त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊंना लागलं तर नाही ना? तासाभरात नऊ डबे पाठवते." वसतिगृहातून बादली मागून भाऊंनी फरशीवरचे वरण धुऊन काढले. या शहरात रस्त्यावर अन्न टाकून निघून जाणे कोणालाच शोभत नाही, आणि भाऊंना तर मुळीच नाही.

चूक भाऊंची नव्हती. मी आठवडाभर सायकल चालताना कशी वागेल याचाच विचार केला. ती दिवसातून सात वेळा उभी राहणार, दर वेळी तिच्यावरचे वजन बदलणार आणि त्या वेळी तिला धरायला कोणाचाही हात मोकळा नसणार, हे मी लक्षातच घेतले नाही. ५ जूनला दूधवाल्याने मला तेच सांगितले होते.

२९ जून

चार दिवस सायकल वापरली नाही, भाऊ पूर्वीप्रमाणे दोन खेपा करत होते. या काळात तीन सुधारणा केल्या.

जुन्या स्टँडच्या पायांमधले अंतर २२ सेंटिमीटर होते. नवा स्टँड ४० सेंटिमीटर रुंद केला आणि प्रत्येक पायाखाली तळहाताएवढी पत्र्याची पट्टी जोडली, जेणेकरून तो मातीत रुतणार नाही. पाय थोडे लांब ठेवल्याने मागचे चाक बोटभर उचलले जाते आणि सायकल दोन पाय व पुढचे चाक अशा तीन टेकूंवर उभी राहते.

दुसरी सुधारणा पुढच्या चाकाची. उभ्या सायकलीचे पुढचे चाक वळले की तिचा तोल लगेच बदलतो. जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून ती फ्रेमच्या खालच्या दांड्यापासून पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यापर्यंत ताणून बांधली. चालवताना हाताला तिचा विरोध जाणवत नाही, पण सायकल उभी केली की ती चाकाला सरळ ओढून धरते. खर्च काहीच आला नाही, आणि सगळ्या कामात मला सर्वांत जास्त समाधान याच पट्टीने दिले.

तिसरी सुधारणा डबे भरण्याच्या क्रमाची. झाकणांवर रंगाने थांब्याचा आकडा आणि डा किंवा उ असे अक्षर लिहिले. शेवटच्या थांब्याचे डबे तळमजल्यावर, पहिल्या थांब्याचे वरच्या मजल्यावर आणि प्रत्येक थांब्याचे निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे. वरून खाली रिकामे होत गेल्याने उरलेले वजन नेहमी तळाशी राहते. एखाद्या थांब्याला विषम संख्येने डबे असले, तर जास्तीचा डबा पुढच्या टोपलीतून द्यायचा. भाऊंनी हा क्रम एका सकाळीत पाठ केला. काकूंच्या स्वयंपाकघरात भरणाऱ्या ताईंना मात्र आठवडा लागला, कारण त्यांना आता डबे उलट्या क्रमाने लावायचे होते.

४ जुलै

पावसात ब्रेक तपासले. क्रोम केलेल्या लोखंडी रिमवर पाणी असले की ब्रेकची रबरे घसरतात. भरलेली सायकल त्याच वेगाने कोरड्या रस्त्यावर पाच मीटरमध्ये थांबली आणि ओल्या रस्त्यावर तिला अकरा मीटर लागले. नवी रबरे घातली, ब्रेकच्या दांड्यांचे सांधे आवळले, तेव्हा हे अंतर आठ मीटरवर आले. याहून अधिक या रिमवर साधणार नाही. पावसात रिमवरचे पाणी निपटण्यासाठी थांबायच्या बरेच आधी ब्रेक हलकेच दाबून ठेवायचा आणि पुलावरून उतरताना सुरुवातीपासूनच वेग घेऊ द्यायचा नाही, असे भाऊंशी ठरले.

त्याच दिवशी मागचे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरची चेनची दातेरी चकती, बदलले. पुढे ४४ दाते आणि मागे १८, या मूळ जोडीत पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर जाते. भाऊ, सायकल, मांडणी आणि डबे मिळून १३९ किलो होतात. चार टक्के चढावर एवढे वजन साडेपाच किलोच्या ओढीने मागे खेचते आणि त्या वेळी ५.४ मीटरचा फेरा गुडघ्यांना जड जातो. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील घातल्यावर फेरा ४.४ मीटर झाला आणि पायडलवरचा जोर १८ टक्क्यांनी उतरला. सपाट रस्त्यावर वेग कमी झाला, त्याची कोणाला खंत नाही. पुलाचा शेवटचा तुकडा भाऊ अजूनही उतरून चालतात, आणि तसेच करावे असे मी त्यांना सांगितले आहे.

११ जुलै

केंद्राचा किराणा दर गुरुवारी सियागंजातून येतो. त्याच्यासाठी दोन चाकांचा ट्रेलर करून पाहिला. चाके २० इंची, रुंदी ६५ सेंटिमीटर, आणि जोड मागच्या एक्सलला, चेनच्या विरुद्ध बाजूला. जोडासाठी जाड रबरी होजचा तुकडा वापरला आणि तो तुटलाच तर ट्रेलर सुटू नये म्हणून सोबत एक पट्टा अडकवला. दोन २५ किलोचे कट्टे (पोती) चाकांच्या किंचित पुढे ठेवले की जोडावर चारेक किलोच येतात आणि सायकलीवर ओझे आहे असे वाटतच नाही.

दोष जवाहर मार्गावर दिसले. वळताना ट्रेलरचे आतले चाक सायकलच्या चाकाच्या रेषेत येत नाही, कोपरा कापत जाते. ट्रेलर आपल्या हँडलपेक्षा रुंद आहे हे मागून येणाऱ्याला कळत नाही. शिवाय जोराने ब्रेक लावला की मागचे ५० किलो पाठीत धक्का देतात. राजमोहल्ल्याच्या पुढे रस्ता मोकळा झाल्यावर मात्र तोच ट्रेलर इतका सुरेख चालला की भाऊ एक हात सोडून बोलू लागले. त्यामुळे किराण्यासाठी, दुकाने उघडल्याबरोबर आणि गर्दी होण्याआधी, मागे लाल कापड लावून, तो ठेवावा आणि डब्यांसाठी कधीही वापरू नये, असे ठरवले. खड्ड्यात ट्रेलरची चाके उडतात आणि वरणाला ते सोसणारे नाही.

१७ जुलै

आषाढी एकादशी. डब्यांत साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि दही. मागणी २१ डब्यांची होती. भाऊंनी सवयीने दोन्ही मांडण्या भरून टोपली रिकामी ठेवली, तेव्हा पुढचे चाक हलके लागू लागले. सहा डबे पुढे हलवताच सायकल ठीक चालली. ओझे कमी असले तरी आधी टोपली भरायची, ही सूचना मांडणीच्या पत्र्यावर रंगवून टाकली.

२ ऑगस्ट

मागच्या चाकाच्या दोन तारा तुटल्या, दोन्ही फ्रीव्हीलच्या बाजूच्या आणि दोन्ही हबजवळच्या वाकणात. चाकाला ४० तारा आहेत. तार एकदम जास्त वजनाने तुटत नाही. ती ढिली असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ताणली आणि सोडली जाते आणि हजारो फेऱ्यांनंतर वाकणात थकून तुटते. सगळ्या तारा नव्या घालून, एकसारख्या ताणून घेतल्या. दर पंधरवड्याला तारा बोटाने छेडून पाहायच्या, ज्या तारेचा आवाज बद्द येईल ती आवळायची, हे काम भाऊंनी स्वतःकडे घेतले आहे. मागच्या टायरमधली हवा दर सोमवारी.

७ सप्टेंबर

गणेशचतुर्थी, केंद्र बंद. २९ जूनपासून एकही डबा सांडलेला नाही. दुपारी सायकल अंगणात घेऊन मांडणीचे सगळे सांधे पाहिले. उजव्या तिरक्या पट्टीच्या वेल्डला केसाएवढी भेग दिसली, ती मंगळवारी मिस्त्रींकडे भरून घ्यायची आहे. केंद्राकडे आता ४१ डब्यांची मागणी आली आहे. काकूंनी विचारले की अजून एक मजला चढवता येईल का. मी नाही म्हणालो, कारण चौथा मजला कॅरियरच्या वर जातो. जास्तीच्या नऊ डब्यांसाठी काकूंचा पुतण्या त्याची सायकल द्यायला तयार आहे. तिचे हँडल ५४ सेंटिमीटर रुंद आहे. टाचेची खूण उद्या सकाळी घेतो.